कामटीवरची खूण

तेलगावच्या चौकात उभे राहा. इथून एक रस्ता माजलगावला जातो, एक धारूरला, एक वडवणीवरून बीडला आणि एक सिरसाळ्यावरून परळीला. तुमच्या खिशात बटणाची किल्ली आहे, कडेला गाडी थंडगार करून ठेवली आहे आणि टाकीत पेट्रोल किती उरलंय ते गाडी स्वतःच तुम्हाला सांगते. ती किल्ली गाडीतच ठेवा. आपण चाललोय तिथं तिचा उपयोग नाही.

डोळे मिटा. आधी एसी जाईल. मग मोबाइलचे मनोरे खाली बसतील, चकचकीत पाट्यांच्या जागी हातानं रंगवलेले फलक येतील आणि रस्ता अंग चोरून एका गाडीपुरता उरेल. समोरून दुसरी गाडी आली की दोघांनी एकेक चाक मुरमावर उतरवायचं. नाकात शिरेल रॉकेलच्या स्टोव्हचा वास, त्यावर उकळणाऱ्या चहाचा, मग जळक्या डिझेलचा. लाल डबा आत्ताच धूळ उडवून गेलाय. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजायला लागलेत. सकाळचे आठ वाजायचेत अजून, पण मानेवर ऊन असं टेकलंय की हात आपोआप रुमालाकडे जातो.

मे महिना आहे, साल १९९२. लगीनसराई जोरात आहे. आणि समोर लिंबाखाली उभी असलेली ती जीप आज तुम्हाला चालवायची आहे.

"पाव्हणं, बघत काय राहिलाव? या की वो!"

हाक मारणारे आबा. जीप त्यांची. त्यांचा ड्रायव्हर दोन दिवस तापानं फणफणलाय, धारूरला वऱ्हाड पोचवायचंय आणि आबांना स्वतःला आता गाडी झेपत नाही. "दिवसा पाय धरत न्हाई, रातचं दिसत न्हाई," ते सरळ सांगतात. पुण्यामुंबईकडून आलेला माणूस म्हणजे त्याला गाडी येतच असणार, असा त्यांचा पक्का विश्वास. मोडू नका तो.

जीप साठच्या दशकातली. महिंद्र कंपनीनं १९४७ साली मुंबईत विलिस जीपा जुळवायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली. उंच बोनट, पुढं पाडता येणारी काच, वर ठिगळांचं ताडपत्रीचं हूड. दारं नाहीत. पत्र्यावर जिथं रंग उडालाय तिथं खाली दुसरा रंग दिसतो, त्याच्याखाली तिसरा. किती हात बदलले ते तिथं मोजून घ्या. सीटवर गोणपाट शिवलंय. बसा. चटका बसला? थोडं सरकून बसा, दोन मिनिटांत गोणपाट तुमच्याच घामानं निवेल. पेट्रोल, ग्रीस आणि तापलेली ताडपत्री यांचा मिळून जो वास येतोय तो संध्याकाळपर्यंत कपड्यांतून जाणार नाही.

समोर काटे आहेत. जिवंत त्यातला एकच, पाणी किती तापलं ते सांगणारा, आणि आबांच्या म्हणण्याप्रमाणे तो "धा मिन्टं उशिरानं खरं बोलतो." पेट्रोलचा काटा केव्हा पडला हे कुणालाच आठवत नाही. त्याच्या जागी कामटी आहे.

ही कामटी नीट पाहा. बांबूची, हातभर लांब, हाताळून हाताळून तुपकट झालेली. सीटमागच्या फटीत असते आणि एरवी तिला आबांशिवाय कुणी हात लावत नाही. आज तुम्ही लावा. आधी तिच्यावर खडू घासा. शाळेतला साधा पांढरा खडू. टाकीचं टोपण फिरवा. वाफ तोंडावर येईल, मान वळवा. तो बिडीवाला फार जवळ आलाय, त्याला पिटाळा. कामटी सरळ खाली सोडा, तळाला टेकल्याचा 'टक्' ऐका आणि झटक्यात वर काढा. रमलात तर संपलं. मे महिन्याच्या उन्हात पेट्रोलची ओली रेघ डोळ्यांदेखत उडून जाते. खडू जिथवर काळवंडला तिथवर तुमची श्रीमंती.

कामटीवर चाकूनं पाडलेल्या तीन खाचा आहेत. वरची भरल्या टाकीची. मधली अर्ध्याची. तिसरी तळापासून चार बोटांवर, आणि तिच्यात शेंदूर भरलाय.

"ही कशाची, आबा?"

"ती रातची खूण. वरलं समदं तुमचं. तिच्याखाली दिवसा गाडी हालत न्हाई."

एवढंच बोलतात. विचारू नका आणखी. कळेल.

आज ओली रेघ मधल्या खाचेच्या बरीच खाली आहे. ही जीप सपाटीला लिटरमागं सात-आठ किलोमीटर जाते. फियाटवाले डॉक्टर बारा-चौदाच्या गोष्टी करतात, त्यांचं वेगळं. धारूर इथून वीसेक किलोमीटर, मध्ये घाट, पुन्हा परत यायचं. मनात हिशोब करा. शेंदराच्या वर जेवढं आहे तेवढ्यात जेमतेम बसतंय. आणखी घ्यावं म्हणाल, तर दहाच्या नोटेत लिटरही येत नाही, आणि ते आणायचं तर माजलगावहून कॅन भरून एसटीच्या कंडक्टरच्या हातापाया पडून. म्हणून आज पेट्रोल पायानं नाही, डोक्यानं जाळायचं आहे.

तेवढ्यात तुमचा पाय सेल्फच्या बटणाकडे गेला. आबा तुमचा गुडघाच धरतात.

"बॅटरी म्हातारी हाय तिची. दोन येळा मारला की बसलीच. पोरं हायेत की ढकलाया."

जीप लिंबाखाली उभी होती ती सावलीसाठी नव्हे, हे आता लक्षात येईल. लिंबापुढं उतार आहे. जुन्या गाडीचा मालक मुक्कामाला कुठंही गेला तरी आधी उतार शोधतो, मग पाणी, मग सावली. चोकचा खटका ओढा. क्लच दाबून दुसरा गिअर टाका. पाठीमागं पाच पोरं पत्र्याला भिडलीत, त्यातल्या एकाच्या पायात चप्पल नाही आणि मुरूम तापलाय, म्हणून लवकर आटपा. "हां... हां... हां!" जीप हलली. वेग येऊ द्या. अजून. आता क्लच सोडा!

एक झटका, एक खोकला, निळ्या धुराचा एक लोट, आणि इंजिन लागलं. सगळा फाटा हसतोय. चोक लगेच आत ढकला. विसरलात तर इंजिन नुसतं पेट्रोल पीत बसेल. आबा प्रवासभर या खटक्यावर डोळा ठेवून असतात.

आता वऱ्हाड. पुढं तुमच्याशेजारी आबा, त्यांच्याशेजारी नवरीचे चुलते, त्यांच्या मांडीवर एक लेकरू. मागच्या दोन बाकांवर नऊवारीतल्या चार बाया, दोन म्हातारे, एक पत्र्याची पेटी, रुखवताची टोपली, आणि पितळी घागर, जिच्यात कुणीतरी लाडू भरलेत. मागच्या फळीवर उभे राहिलेले तिघं हुडाची दांडी धरून लोंबकळतायत. तुमच्यासकट एकूण तेरा. मोगऱ्याचे गजरे, खोबरेल, नव्या लुगड्याची खळ, तंबाखू आणि घाम. तुमच्या कानाशी कुणाची तरी बांगडी सारखी किणकिणतेय आणि मागून सूचना सुरू झाल्यात: हळू घ्या, जोरात घ्या, लेकराला उलटी होईल, मुहूर्त चुकेल.

निघा.

आता पायाकडे लक्ष द्या. झोपलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवावा तसा अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवा. गाडीनं वेग धरला की लगेच वरचा गिअर, आणि मग पाय हलवायचा नाही. पुढं बैलगाडी दिसते? ब्रेककडे जाऊ नका, आत्ताच पाय काढा. तिच्यापर्यंत पोचेतो गाडी आपोआप मंदावेल आणि तोवर गाडीवान बैल कडेला घेईल. ब्रेक मारला म्हणजे आधी जाळलेलं पेट्रोल लायनरवर घासून उधळून टाकलं. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना १९७८ साली निघाली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरनं चालवा, चाकांत हवा बरोबर ठेवा, हे ती लोकांना सांगत आली. आबांनी हे कुठं वाचलेलं नाही. पण निघण्याआधी त्यांनी चारी चाकांना टाच मारून आवाज ऐकला होता, आठवतंय? 'ठण्' म्हणालं तर हवा आहे, 'धप्' म्हणालं तर नाही. मऊ चाक गाडीला मागं ओढतं, आणि त्या ओढण्याचे पैसे टाकीतून जातात.

दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलीत, भेगांत पाय जाईल एवढ्या. उन्हाची लाट रस्त्यावर पाण्यासारखी हलते. समोर ओढ्याकडे जाणारा लांब उतार दिसला की आबा बोट वर करतात. न्यूट्रल. किल्ली बंद.

आणि एकदम सगळं शांत. 

इतका वेळ इंजिनाच्या घरघरीत बुडालेले आवाज आता वर येतात. हुडाचं फडफडणं, पाट्यांची कुरकुर, चाकाखाली चुरडणारी खडी, दूर एक होला घुमतोय. मांडीवरचं लेकरू रडायचं थांबलंय. तेरा माणसं एक थेंब न जाळता रस्त्यावरून वाहत चाललीत आणि कुणी बोलत नाही. ओढ्याचा पूल ओलांडून पुढचा चढ लागेपर्यंत हे सुख पुरतं. मग वेग असतानाच किल्ली चालू करा, गिअर टाका, क्लच सोडा, इंजिन पुन्हा लागेल.

(हे इथंच करा, परत गेल्यावर तुमच्या गाडीत करू नका. या जीपचे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नुसत्या तुमच्या ताकदीवर चालतात, इंजिन बंद असलं काय, चालू असलं काय. आजच्या गाडीत इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोर जातो आणि स्टिअरिंग दगड होतं.)

साडेनऊच्या सुमाराला जीप दोनदा उचक्या देते आणि मरते. उताराचा, धक्क्याचा काही उपयोग होत नाही. बोनट उघडा, आधी हाताला फडकं गुंडाळा. आतून भट्टीची धग येते. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, मग झालं काय? पंपाची नळी तापलीय. नळीतल्या नळीत पेट्रोल उकळलं आणि त्याची वाफ झाली. पंपातला पडदा पातळ पेट्रोल ओढायला केलेला. वाफ त्याच्या हाती लागत नाही, तो नुसता वर-खाली होत राहतो. मुंबईच्या गॅरेजात याला काहीही म्हणोत, इथं म्हणतात, "गाडीला ऊन लागलं." आणि ऊन लागलेल्या माणसाला जे करतात तेच गाडीला करतात. एक म्हातारा आपल्या डोक्याचा पटका सोडतो, तांब्यातलं पाणी त्यावर ओततो आणि पंपावर गुंडाळतो. फस्स करून वाफ निघते. पाच मिनिटं थांबा. पंपाखालची छोटी दांडी हातानं खालवर करा, पेट्रोल पुन्हा वर चढेल. पटका तिथंच राहू द्या. म्हातारबाबा लग्नाला बोडक्यानं जाणार आहेत आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

ही पाच मिनिटं रस्त्याकडेच्या बाभळीच्या ठिगळभर सावलीत काढताना चुलते आबांना हळूच सुचवतात की पेट्रोलात थोडं रॉकेल मिसळलं तर स्वस्त पडेल, अमुक गावचा तमुक जीपवाला तेच करतो. गाडी पेट्रोलवर सुरू करायची आणि गरम झाली की रॉकेल पाजायचं. चालते गाडी, खोटं नाही. चढावर इंजिन आतून टकटक करतं, धूर डोळ्यांना झोंबतो, प्लग काजळतात आणि वर्षा-दोन वर्षांत इंजिन खोलावं लागतं. पण आबांचा राग इंजिनासाठी नाही. "रेशनचं रॉकेल हाय ते. लेकरं त्या चिमणीखाली अभ्यास करत्यात. ते गाडीत घालायचं?" चुलते गप्प होतात. माझ्या मते त्या काळात काटकसर आणि चोरी यांच्यातली रेघ यापेक्षा स्वच्छ कुणी काढली नसेल.

आबांच्या घरात तेलाची टंचाई ही काही नवी गोष्ट नाही. त्यांचे वडील सांगत, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारींच्या पाठीला लोखंडी भट्टी जोडायचे. तिच्यात लाकडी कोळसा धुमसवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. हा मुलूख तेव्हा निजामाचा. सरकारी बस त्याच्या राज्यात १९३२ सालीच धावायला लागली होती. भट्टीवाली गाडी चढाला आली की सगळे उतरत, आणि निघण्याआधी भट्टी पेटवून वाट बघत बसावं लागे. हे ऐकलेल्या माणसाला ओला पटका गुंडाळून पाच मिनिटं थांबणं म्हणजे काहीच नाही.

लागली गाडी. बसा.

बालाघाटचा डोंगर आता समोर भिंतीसारखा उभा आहे. वर पठारावर धारूर. मध्ये घाट, अरुंद, वळणावळणाचा, या भागातल्या ड्रायव्हरांना आजही दचकवणारा. पायथ्याला हापसा दिसतो तिथं थांबा. पाच-सहा घागरी रांगेत आहेत. रेडिएटरला पाणी हवंय, कॅन रिकामा आहे, आणि मे महिन्यात या हापशाला दहा दांड्या मारल्या की एक तांब्या येतो. आबा खाली उतरतात, पण कॅन पुढं करत नाहीत. रांगेत ठेवतात, शेवटच्या घागरीच्या मागं.

दांडा मारणारी बाई जीपकडे बघते, बायांकडे बघते. "लग्नाला का?" 

"व्हय माय. धारूरला."

"मंग घ्या की आधी. नवरी का पाण्यापायी थांबवायची?" ती आपली घागर बाजूला सारते. मग थोडं थांबून म्हणते, "आधी त्या लेकराला पाजा, मंग गाडीला."

तुम्ही दांडा धरा. किर्र, किर्र, किर्र. पाणी कोमट आहे, लोखंडाची चव आहे. ओंजळीनं प्या. यापेक्षा गोड पाणी तुम्ही प्यालेला नाहीत.

घाटात फळीवरचे तिघं आणि मागचे दोघं खाली उतरून पायी चालतील. त्यांना सांगावं लागत नाही. एकाच्या हातात मोठा दगड आहे. गाडी थांबली की चाकाखाली लावायचं काम त्याचं. खालचा गिअर टाका आणि बदलू नका. इथं वाचवायला गेलात, वरच्या गिअरमध्ये ओढायला गेलात, तर इंजिन धापा टाकून बंद पडेल आणि पुन्हा सुरू करण्यात दुप्पट जाईल. वाचवायची जागा वेगळी असते, खर्चायची वेगळी. वळणावर हॉर्न द्या. हॉर्न वाजत नाही, तर आबा पत्र्यावर थापा मारतील. एका हाताला डोंगर, तापलेल्या काळ्या दगडाची धग गालाला लागते. दुसऱ्या हाताला दरी, आणि दरीत सीताफळीची झुडपं, आत्ता करपलेली. दिवाळीच्या आसपास हीच फळांनी वाकतात आणि सगळा घाट त्यांच्या वासानं भरतो. पायी चालणारे तुमच्या बरोबरीनं चालतायत. एक जण तर पुढं निघून गेलाय.

काटा लालवर जायच्या आधीच तुमच्या नाकाला कळेल. गरम गंजाचा वास. मग बोनटच्या फटीतून पांढरी वाफ. थांबा, दगड लावा! टोपणाला हात लावू नका. कितीही घाई असली, कुणी कितीही म्हणालं तरी नाही. आत पाणी दाबाखाली उकळतंय, टोपण सुटलं की कारंजं थेट तोंडावर येतं. या घाटात असे भाजलेले हात आबांनी पाहिलेत. बोनट उघडून ठेवा, वाऱ्याकडे तोंड करा आणि बसा दगडावर. पंधरा मिनिटांनी ओलं गोणपाट टोपणावर टाकून, तोंड वळवून, एक पीळ द्या. सुस्कारा जाऊ द्या. मग दुसरा पीळ. पाणी ओतताना इंजिन चालू ठेवा आणि धार बारीक धरा, नाहीतर तापलेल्या लोखंडाला तडा जातो.

या पंधरा मिनिटांत लाडवाची घागर उघडली गेली, तुमच्या हातात एक लाडू आला, नवरीच्या मामाची सगळी कुंडली तुम्हाला कळली आणि मागून आलेल्या ट्रकच्या किन्नरानं न विचारता अर्धी बादली पाणी आणून दिलं. 

धारूर आलं. किल्ला दिसला, वाजंत्री ऐकू आली, मुहूर्त चुकला नाही. लग्नाचं मी फार सांगत नाही, ते तुम्हाला माहीत आहे: अक्षता, बुंदी, वांग्याची भाजी, पत्रावळीवरून पळणारं वरण. तुमचं लक्ष मांडवात नसेलच. बाहेर जीप उताराला तोंड करून लावलीय ना, हे बघायला तुम्ही दोनदा उठलात. म्हणजे आता तुम्ही जुन्या गाडीचे ड्रायव्हर झालात.

परतताना संध्याकाळ. घाटमाथ्यावर मागच्या पोरांतला एक म्हणतो, "बंद करा की गाडी! घाटभर फुकट जाईल." सकाळच्या ओढ्याची चटक लागलीय त्याला. तुम्ही आबांकडे बघता. आबा मान हलवतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिन चालू. ते गाडीला धरून ठेवतं. सोडून दिली तर सगळा भार त्या म्हाताऱ्या ब्रेकवर येतो, लायनर तापतात, जळक्या रबरासारखा वास सुटतो आणि पायाखालचं पेडल मऊ होत जातं. त्यानंतर दाबून उपयोग नसतो. त्या दरीत अशी पेलाभर पेट्रोल वाचवायला गेलेली वाहनं पडलीत. आबा एवढंच म्हणतात, "हितं कंजूषपणा न्हाई करायचा."

तेलगावला पोचलात तेव्हा दिवे लागलेत. जीप लिंबाखाली, उताराला तोंड करून. खडू घासा, कामटी सोडा. टक्. ओली रेघ शेंदराच्या खाचेवर बरोबर बसलीय, केसभर वर. आबा कामटी उजेडात धरून बघतात आणि तुमच्या पाठीवर थाप मारतात. जेवा, अंगणात बाजेवर पडा. हाडन् हाड ठणकतंय, तरी झोप लागेल.

दीडच्या सुमाराला कंदील हलताना दिसेल. कुणीतरी आबांना हाक मारतंय, दबक्या आवाजात, पण आवाज कापतोय. वस्तीवरची सून आहे, दुपारपासून अडलीय, सुईणीनं हात टेकलेत. अंबाजोगाईला न्यायला हवं. पहिली एसटी सकाळी.

आबा तुमच्याकडे बघतात. रातचं त्यांना दिसत नाही.

उठा. चोक. दुसरा गिअर. अंधारात कोण कोण ढकलतंय दिसत नाही, नुसते श्वास ऐकू येतात. पहिल्या झटक्याला इंजिन लागतं. मागं गोधड्या अंथरल्यात, तिच्या डोक्याशी सासू, पायाशी सुईण. तिचा आवाज येतो आणि थांबतो, तुम्ही खड्डा चुकवता. दिव्यांचा उजेड इंजिनाच्या वेगावर वाढतो-कमी होतो. सकाळी उचक्या देणारी हीच जीप आता एकसारखी चालतेय. रात्रीची हवा गार आहे, नळीत पेट्रोल उकळत नाही, घाटात रेडिएटर तापत नाही. तोच खालचा गिअर, तीच वळणं, पण या वेळी कुणी खाली उतरत नाही आणि तरी गाडी चढते. धारूर मागं पडतं, आडस मागं पडतं. दिवसभरात तुम्ही ओढ्याच्या उतारावर जे वाचवलं, ब्रेकवर पाय न देता जे वाचवलं, चोक वेळेवर आत ढकलून जे वाचवलं, ते या रस्त्यावर जळतंय.

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९७४ पासूनचं. दवाखान्याच्या पायरीशी गाडी लावा. तिला आत नेलं. दार बंद झालं.

थोड्या वेळानं तिचा सासरा बाहेर येतो, धोतराच्या कनवटीतून नोटा काढतो, न मोजता पुढं करतो. आबा घेत नाहीत. कामटी काढतात, खिशातला खडू घासतात, बॅटरीच्या उजेडात टाकीत सोडतात. शेंदराची खाच कोरडी आहे. ओली रेघ तळाशी नखभर. "चार बोटं गेलं," ते म्हणतात, बोटांवर लिटर मोजतात, तेवढ्याच पेट्रोलचे पैसे घेतात आणि बाकीच्या नोटा त्याच्या मुठीत परत घालून मूठ मिटतात. जाण्याचं भाडं नाही, रात्रीचं जादा नाही. परतीचं पेट्रोल ते स्वतःच्या पैशानं भरतील, आणि आधी शेंदरापर्यंत.

आता डोळे उघडा. चौकात तुमची गाडी अजून थंडगार उभी आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली आली. त्याआधी रात्री-बेरात्री या रस्त्यांवर जे धावलं ते असंच, कुणाच्या तरी लिंबाखालचं. तेलगाव, धारूर, वडवणीकडच्या एखाद्या जुन्या घरी गेलात आणि आढ्यात खोचलेली हातभर कामटी दिसली, तिच्यावर खाचा असल्या, तर ती चुलीत घालू देऊ नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, खालची खाच कशाची?